तुला नापास करणाऱ्याच्या दारात

कौसल्या, तुझी तेरवी झाली, पाहुणे गेले, मांडव सुटला, आणि मी तुझं ऐकलं नाही. जाण्याच्या आधी माझं मनगट धरून तू म्हणाली होतीस, "सोडून द्या आता. त्या डॉक्टरच्या मागं लागू नका. त्याचं तो पाहील." मी मान हलवली, कारण तुला बोलताना खोकल्याची उबळ येत होती आणि तू गप्प बसावीस एवढंच मला हवं होतं. मान हलवणं म्हणजे कबूल करणं नव्हे. माझ्यासोबत जन्म काढलास, एवढं तुला कळायला हवं होतं. काल मी तालुक्याला जाऊन उट्टं काढून आलो. तेच सांगायला बसलोय. तू आता मधे बोलणार नाहीस. तुझ्या बोलण्याचा मला जन्मभर जेवढा राग आला नसेल, तेवढा तुझ्या या गप्प बसण्याचा येतो आहे.

भेटायला येणारे सगळे एकच पाढा म्हणत होते. गुरुजी, वय झालं होतं. सोनं झालं. सवाष्ण गेल्या. नातवंडं पाहून गेल्या. मी हात जोडून ऐकत होतो, पण "वय झालं" म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. शेवटी आपल्या रामराव पाटलाला मी म्हणालो, "पाटील, वय तुमचंही झालंय, मग तुम्ही इथं कसे?" अरुणनं मला आत नेऊन बसवलं. त्याला वाटलं, बाबांचं डोकं ठिकाणावर नाही. आपल्या घरात डोकं ठिकाणावर नसल्याचा शिक्का फार लवकर बसतो.

हे सगळं पोळ्याच्या दिवशी सुरू झालं, हे मी आता कुणालाही शपथेवर सांगीन. बैलांना ओवाळून तू ताट घेऊन परत आलीस, ओट्याच्या पायरीवर पाय सटकला आणि डोकं उखळाच्या कडेवर आदळलं. ताट मात्र सोडलं नाहीस. मी धावलो तर म्हणालीस, "काई न्हाई झालं, पुरण करपून राहिलं, तिकडं बघा." हळद दाबली आणि पोळ्या लाटायला बसलीस. मी तरी काय समजणार. टेंगूळ दोन-चार दिवसांत बसलं आणि आपण विसरलो.

दिवाळीच्या पुढं तू बदलायला लागलीस. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. नातवाला तुझ्या भावाच्या नावानं हाक मारायचीस. दिवसाढवळ्या भिंतीला टेकून डुलक्या घ्यायचीस. तुला बसलेलं आम्ही कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून ते आम्हाला सगळ्यात विचित्र वाटलं. एक पाय जरा ओढत चालायचीस. अरुणला बसस्टँडवर फलक दिसला, विसरभोळेपणाची मोफत तपासणी, दर महिन्याला. म्हणाला, बाबा, दाखवून तर आणू. त्याचं काही चुकलं नाही. लेकरानं आईला डॉक्टरकडे न्यायचं नाही तर कुठं न्यायचं?

त्या दवाखान्यात नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगितलं. मी दारात उभा राहिलो. पडदा अर्धाच होता, मला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. एक पोरगी हातात कागदांची पाटी घेऊन तुझ्या डाव्या बाजूला बसली. डाव्याच. लहानपणी मुदतीच्या तापात तुझा डावा कान गेला हे आपल्या गल्लीतल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं, पण त्या पोरीनं विचारलं नाही आणि तुला सांगायची लाज वाटली. तिनं तारीख विचारली. तू म्हणालीस, "कार्तिकातली दशमी हाय." बरोबर होतं. तिनं चूक लिहिलं. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. तू जवळ वाकून विचारलंस, "काय घ्यायचं व्हतं बाई सात रुपयाचं?" तेही चूक. मग एक कागद पुढं धरला, यावर लिहिलंय तसं करा म्हणाली. तू त्या कागदाकडे देव्हाऱ्यातल्या पोथीकडे पाहावं तशी आदरानं पाहत बसलीस. मग एकात एक अडकलेल्या दोन आकृत्या काढायला पेन्सिल दिली. ती तू दोन्ही हातांनी परत केलीस.

मी पडद्याआडून म्हणालो, "बाई, ती शाळेत गेलेली नाही." तर कंपाउंडर म्हणाला, "आजोबा, उत्तरं सांगायची नाहीत." पोरं शेजारच्याला उत्तर सांगतात म्हणून मी आयुष्यभर त्यांचे कान पिळले. तेच वाक्य मला ऐकावं लागलं आणि मी मागं सरलो.

शेवटी तिनं विचारलं, "आजी, तुमच्या मिस्टरांचं नाव काय?" तू पदर ओढलास आणि खाली पाहिलंस. तिनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. तू दाराकडे पाहिलंस, माझ्याकडे, आणि हसू दाबलंस. नव्या नवरीसारखं. ते हसू मला दिसलं, तिला दिसलं नाही. ती लिहीत होती.

डॉक्टर आला, कागदावर नजर फिरवली, तुझ्याकडे पाहिलंही नाही. अरुणला म्हणाला, "नवऱ्याचं नावसुद्धा आठवत नाही. स्मृतिभ्रंश आहे. वय झालं की होतं. गोळ्या चालू करू." मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, तिनं माझं नाव कुणाला कधीच सांगितलेलं नाही." तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "गुरुजी, घरच्यांना मान्य करायला जड जातं." तो हात मला अजून खांद्यावर जाणवतो. रक्त तपासलं नाही. कान तपासला नाही. पडला होतात का, असं एका शब्दानं विचारलं नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तेवढ्यात पुढच्या नावाचा पुकारा झाला.

त्यानंतरच्या महिन्यांसाठी मी त्या माणसाला कधीच माफ करणार नाही. तुझं डोकं रोज ठणकत होतं आणि तू रोज सांगत होतीस. "डोकं लई ठणकून राहिलं हो." आम्ही म्हणायचो, गोळी घेतली ना, झोप. शिक्का बसलेल्या माणसाचं दुखणं कोणी दुखणं म्हणून ऐकत नाही, तो आजारच बोलतोय असं समजतात. गोळीनं तू आणखी झोपायचीस आणि उठलीस की आणखी गोंधळायचीस, आणि आम्ही म्हणायचो, पाहा, वाढत चाललाय. सूनबाईनं स्वयंपाकाची खोली तुला बंद केली. कपाटाच्या किल्ल्या तुझ्या कमरेवरून काढून घेतल्या. तू विचारलंस, "काहून?" आणि कोणी उत्तर दिलं नाही, कारण विसरणाऱ्या माणसाला उत्तर देऊन काय उपयोग.

संक्रांतीला गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. एकेकीला नाव घ्यायला लावत होत्या, नेहमीसारखा गलका चालला होता. मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. पाळी तुझ्यावर आली आणि तुला ओलांडून पुढं गेली. कुणीतरी हळू म्हणालं, "ऱ्हाऊ द्या, काकूला आठवत न्हाई." जिनं या गल्लीला उखाणे पुरवले तिला. हातात वाण घेऊन तू तशीच बसून राहिलीस. मी पेपर वाचत असल्याचं सोंग केलं आणि मनात त्या डॉक्टरला शिव्या घातल्या. मास्तराला येतात त्याच्यापेक्षा जास्त शिव्या मला येतात, हे मला त्या दिवशी कळलं.

उन्हाळ्यात तुला उलट्या सुरू झाल्या आणि डावा हात उचलेना. तेव्हा नांदेड. तिथल्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला आणि पहिला प्रश्न विचारला, "कधी पडल्या होत्या का?" पोळ्याच्या दिवसाचं उखळ माझ्या डोळ्यापुढं आलं. आतमध्ये रक्त साकळलं होतं, जुनं, मेंदूला दाबत बसलेलं. कवटीला छिद्र पाडून काढलं. मी देवळात कमी आणि त्या दवाखान्याच्या जिन्यात जास्त हात जोडले.

आणि तू परत आलीस. भूल उतरून नीट शुद्धीवर आलीस तेव्हा माझ्या सदऱ्याकडे पाहून म्हणालीस, "हा धुतलेला न्हाई." कौसल्या, मला आयुष्यात पुष्कळ सत्कार मिळाले, शाली मिळाल्या, नारळ मिळाले. त्या वाक्याची बरोबरी त्यातल्या कशालाच नाही.

मग ती बाई आली, नांदेडची डॉक्टरीण. तुला ती "केस बांधणारी" म्हणून आठवत असेल, कारण येता येता तिनं पट्टीखालून सुटलेली तुझी वेणी सारखी केली होती. तिनं आधी विचारलं, "आजी, कोणत्या कानानं चांगलं ऐकू येतं?" मग स्टूल उचलून उजव्या बाजूला आणलं. मला वाटलं उठून तिच्या पाया पडावं. तिनं तुला तारीख विचारली नाही. आपल्या शिरडचा बाजार कोणत्या वारी भरतो ते विचारलं. आमटीचा मसाला, आपला येसर, कसा करतात ते पहिल्यापासून सांगायला लावलं. तू सांगत गेलीस, आधी काय भाजायचं, कशाला तेल लागतं, कशाला लागत नाही, आणि ती मधेच मुद्दाम चुकवायची तर तू तिला दटावायचीस. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आता येसरात शेवटी काय टाकायचं म्हणाला होतात?" तू चिडून म्हणालीस, "आत्ता तर सांगितलं, तुमाला ध्यानात ऱ्हात न्हाई का?" ती मोकळेपणानं हसली. मग म्हणाली, "बरं आजी, आता नाव घ्या."

तू पदर सारखा केलास. वॉर्डातल्या सगळ्या खाटा तुझ्याकडे वळल्या.

"जवारीच्या भाकरीला येसराची आमटी, भगवानराव गुरुजींच्या रागाला न्हाई कदी कमती."

सगळा वॉर्ड हसला. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं. किती सोपं होतं ते. "नाव सांगा" म्हटलं की तुम्हा बायांची तोंडं मिटतात आणि "नाव घ्या" म्हटलं की उघडतात, हे या मुलखात कुणाला माहीत नाही? मी त्या डॉक्टरणीला विचारलं, असं वेगळं काही असतं का, शाळा न शिकलेल्यांसाठी. म्हणाली, असतं, पहिल्यापासून आहे. एवढंच नाही, तर असला शिक्का मारण्याआधी थायरॉइड, रक्तातले क्षार, जीवनसत्त्वं बघायची असतात, कान बघायचा असतो, पडझड विचारायची असते, घरच्यांशी वेगळं बोलायचं असतं, आणि घाई करायची नसते. मी विचारलं, "हे आमच्या तिकडच्या डॉक्टरला ठाऊक असेल?" ती म्हणाली, "शिकवतात, गुरुजी." त्या एका शब्दानं मी डूख धरला. अडाणीपणाला माफी असते. शिकवलेलं असून जो करत नाही त्याला मी वर्गात कधी सोडलं नाही, बाहेर कसा सोडू?

घरी आलीस आणि आपल्याला तेवढे दिवस मिळाले. ते कोणी दिले त्याचे उपकार मी मानतो, देवाचे असोत नाही तर त्या बाईचे. तू खाटेवरून सूनबाईला फोडणी सांगायचीस आणि येसराचं प्रमाण मात्र अर्धंच सांगायचीस, लबाड. किल्ल्या मागून घेतल्यास. एका दुपारी म्हणालीस, "मला समदं ऐकू येत व्हतं. तुमी लोक माझ्यापुढंच माझ्याबद्दल बोलून राहिले व्हते, जशी म्या भिंतच." मी विचारलं, मग त्या पोरीला नाव का नाही सांगितलंस? तू म्हणालीस, "तुमी दारात हुबे व्हते. तुमच्या पुढ्यात तुमचं नाव सांगू?" मी म्हणालो, तरी तुला म्हणत होतो, अक्षरं शीक, शिकली असतीस तर पास झाली असतीस. तुझं उत्तर तयार होतंच. "गावची पोरं तुमचा मार खाऊन शिकली, त्यात म्या कुठं बसू?" आपलं हे भांडण लग्नाइतकंच जुनं. यात तू नेहमी जिंकायचीस, याचं कारण तू मला बोलू द्यायची नाहीस.

दुसरं भांडण त्या डॉक्टरचं. ते संपलं नाही. तू म्हणायचीस, त्या पोरीला काही म्हणू नका, ती सांगितलेलं काम करते. मी म्हणायचो, ठीक. तू म्हणायचीस, डॉक्टरलाही सोडा, त्याच्याही घरी आईबाप असतील. मी म्हणायचो, असतील तर बरंच आहे. तू माझ्याकडे संशयानं पाहायचीस. इतके महिने निजून अंगातली ताकद गेली होती, छातीत कफ भरला आणि तू गेलीस. डोकं शेवटपर्यंत लखलखीत. डोक्यानं पास होऊन गेलीस, हे मी स्मशानातसुद्धा चार जणांना सांगितलं.

मी खूप बेत केले. ग्राहक मंचात जायचं ठरवलं. अरुण म्हणाला, वर्षं जातील. पेपरात छापून आणायचं ठरवलं. जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघं म्हणाले, गुरुजी, नुसतं बोट दाखवा, काळं फासून येतो. एक रात्र मला तेच बरं वाटलं. पण काळं धुतलं की जातं. मला असं काही हवं होतं की जे त्याला रोज आरशात दिसेल. तुझ्यावर जे झालं ते त्याच्या अंगावर, जसंच्या तसं. बाकी काही नको होतं.

काल शिबिराचा दिवस होता. सकाळच्या एसटीनं गेलो. तोच फलक, तोच अर्धा पडदा. माझा बेत असा होता की चारचौघांत डॉक्टरचीच परीक्षा घ्यायची. आजची तिथी कोणती, ते विचारायचं. त्याला येणार नाही. मग म्हणायचं, साहेब, तुम्हाला स्मृतिभ्रंश झालाय, गोळ्या चालू करा.

रांगेत बसलो. आत हट्टा गावाकडची एक म्हातारी होती, हसीना बी, सोबत मुलगा. पडद्यातून दिसत होतं. तीच पोरगी, तेच कागद. पोरगी म्हणाली, "आजी, तुमच्या मिस्टरांचं नाव काय?" म्हातारीनं ओढणी पुढं घेतली आणि म्हणाली, "सलीमके अब्बा."

"नाव सांगा, नाव."

"बोली ना बेटी, सलीमके अब्बा."

पोरीनं कागदावर खूण केली. मी उठलो, पडदा बाजूला सारला आणि डॉक्टरचं नाव घेऊन हाक मारली. वर्गात मारायचो तशी. रांगेतली सगळी माणसं वळून पाहायला लागली.

डॉक्टर बाहेर आला. मी म्हणालो, "मी शिरड शहापूरचा भगवान गुरुजी. कौसल्याबाई तुमच्याकडे तपासायला आणली होती. ती गेली. डोक्यात रक्त साकळलं होतं, ते नांदेडला कळलं; तिथल्या मॅडमनी परीक्षा नीट घेतली, तर ती पास झाली. तुम्ही स्मृतिभ्रंश म्हणालात." तो आठवायला लागला. खरंच आठवायला लागला, आणि त्याला आठवेना. म्हणाला, "गुरुजी, खूप पेशंट येतात हो." मी म्हणालो, "बरं. आजची तिथी सांगा."

तो म्हणाला, "अष्टमी."

माझा सगळा बेत ढासळला. मी विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक? म्हणाला, "हट्ट्याचा आहे मी. घरी आई उपास करते." मग डोक्यात वेगळाच लोळ उठला. म्हणजे हा बाहेरचा नव्हता. आपल्याच मातीतला होता. मी विचारलं, "तुमची आई तुमच्या वडिलांचं नाव घेते का?"

त्यानं खाली पाहिलं. "नाही घेत."

"मग काहून विचारता?"

"प्रश्न छापील आहेत, गुरुजी. शहरातून येतात. तसेच विचारायचे असतात."

एवढंच. तू ज्याच्यापायी गेलीस ते एवढंच होतं. त्याला माहीत होतं, आणि कागदावर छापलं नव्हतं म्हणून त्यानं माहीत असलेलं बाजूला ठेवलं. घरात आई, दारात हे, आणि मधे एक जिना.

त्या जिन्यावरूनच ती उतरली. दवाखान्याच्या वरच राहतात ते. गलका ऐकून आली होती, नऊवारी, कपाळ मोकळं, काठी न टेकता. "कोण वरडून राहिलं माझ्या लेकरावर?" मी हात जोडले. म्हणालो, "बाई, तुमचा लेक आमच्या बायांची परीक्षा घेतो. म्हटलं, तुमचीही घ्यावी." डॉक्टर म्हणाला, "आई, तू वर जा." आणि ती बाई, कौसल्या, तुझीच बहीण शोभली असती. म्हणाली, "काहून? मला काय भ्या पडलं? इचार की पोरी." आणि खुर्चीत बसली.

पोरगी डॉक्टरकडे पाहत होती. डॉक्टर माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "जसंच्या तसं. छापलंय तसं." हसीना बी, तिचा मुलगा, सगळी रांग पडद्याशी येऊन उभी राहिली.

तारखेला ती अष्टमी म्हणाली. शंभरातून सात काढा म्हटल्यावर म्हणाली, "काहून काढायचे? ऱ्हाऊ दे की शंभर." सगळे हसले, ती पण हसली. कागदावरचं वाचा म्हटलं तर तिनं तो लेकाकडे दिला, "तू वाच, तुला शिकवलं त्याच्यासाठीच." आकृतीची पेन्सिल तिनं दोन्ही हातांनी परत केली. अगदी तुझ्यासारखी. पोरीनं शेवटचा प्रश्न विचारला, "आजी, तुमच्या मिस्टरांचं नाव काय?"

म्हातारीनं भिंतीकडे बोट दाखवलं. हार घातलेला फोटो होता. "ते काय, बसलेत तिथं."

"आई," डॉक्टर म्हणाला, "नाव सांग. एकदा सांग."

"तुला न्हाई का ठाऊक?" ती म्हणाली.

पोरीनं बेरीज केली. कागद डॉक्टरकडे दिला. मला बघायची गरज नव्हती, त्याच्या तोंडावर सगळं छापलेलं होतं. जो शब्द तो तुझ्यासाठी पटकन बोलला होता, तो आता त्याच्या तोंडून निघेना. मी वाट पाहिली. मी चांगला वेळ वाट पाहिली. मग मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, गोळ्या चालू करायच्या का?"

त्यानं कागद घडी करून खिशात घातला. रांगेला म्हणाला, आजची तपासणी बंद, ज्यांची झाली त्यांची सगळ्यांची पुन्हा करू, पडल्याचं-झडल्याचं विचारू, रक्त पाहू, कोणाला गोळ्या चालू असतील त्यांनी उद्याच या. मला म्हणाला, "त्या नांदेडच्या मॅडमचा नंबर द्याल? आणि पुढच्या वेळी तुम्ही याल का, गुरुजी? आपल्याकडच्या बायांना कसं विचारायचं ते..." मी म्हणालो, "येईन. दर महिन्याला येईन. मागच्या बाकावर बसीन. पण शिकवायला नाही. नजर ठेवायला." त्या पोरीला मी काही बोललो नाही. तेवढं तुझं ऐकलं. ती कोपऱ्यात उभी राहून रडत होती आणि हसीना बी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मला वाटलं होतं, हे झालं की छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला नाही. पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. फार बरं वाटलं. तुला हे आवडणार नाही हे ठाऊक असूनही बरं वाटलं.

मी निघालो तर त्या म्हातारीनं माझी बाही धरली. तिला अजून काही उमगलं नव्हतं. एवढी माणसं गप्प का झाली, लेकाचं तोंड असं का उतरलं, ती एकेकाकडे पाहत होती. मला म्हणाली, "गुरुजी, तुमी शाळेतले, तुमीच सांगा. पास झाले का मी?"

तू असतीस तर तिच्या गुडघ्यावर हात ठेवून लगेच म्हणाली असतीस, "पास झाल्या हो बाई, पहिल्या नंबरानं." आणि तिला चहा मागवला असतास, आणि त्या डॉक्टरलाही.

मी तिच्या लेकाकडे बोट दाखवलं. म्हणालो, "त्यांना विचारा."

आणि तो काय सांगतो ते ऐकायला मी दारात उभा राहिलो.